रकाना नववा

नखीलच्या गल्लीत, पासपोर्ट फोटोच्या दुकानाला खेटून
माझं टायपिंग सेंटर: दोन खुर्च्या, एक प्रिंटर,
आणि दुपारी तीनला हमखास रुसणारा एसी.
पानाला वीस दिरहम.
दापोलीच्या मदरशात छडी खाऊन गिरवलेली अक्षरं
रास अल खैमात पोट भरतात.
अब्बा म्हणायचे, दारूच्या सावलीलाही उभा राहू नकोस.
उभा नाही राहत, अब्बा. बसून टाइप करतो:
हॉटेलांचे बार, गोदामं, नूतनीकरण, मालकाच्या नावात बदल,
दिवसातून चाळीसदा तोच एक शब्द.
बोटं अजून झिंगलेली नाहीत.

नोव्हेंबरात रेजिना तुस्कानो आल्या,
मूळ वसईच्या, पापडीच्या.
एका हातात नोटीस, दोन्ही हातांना दालचिनीचा वास.
त्यांच्या बेकरीचे पाव आमच्याकडे इफ्तारला असतात.
मागच्या खोलीत काचेची बरणी:
मनुका, चेरी, संत्र्याची साल,
ऑगस्टपासून रममध्ये बुडवलेली.
"सासूबाईंची रीत," म्हणाल्या, "नाताळच्या केकची.
भट्टीत उडून जाते हो रम, मागे राहतो नुसता वास."
तपासनिसानं नेमका वासच पकडला होता.

भाचा म्हणत होता, रातोरात मोरीत ओता.
ओळखीतला एकजण म्हणाला, परवाना काढून देतो,
पाच हजार आगाऊ, तारीख विचारायची नाही.
मी म्हटलं, बाई, आधी शेजारच्या दारी चला.
(कमिशन नाही मला. भिंत एक आहे, एवढंच.)

उस्ताद बद्रुद्दीन, ओमदुर्मानचे,
पांढरा फेटा, दोऱ्यानं बांधलेला चष्मा,
उभ्या जन्मात थेंब न चाखलेला माणूस.
नोटीस तीनदा वाचली त्यांनी,
औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचावी तशी.
"बाटल्या विकता?" नाही.
"केक विकता?" हो.
"रम आणली कुठून?"
बाई गप्प.
ते गप्प बसणं मी टाइप केलं नाही.
"ओतून टाकलेल्या बरणीला शंभर प्रश्न विचारतात," उस्ताद म्हणाले,
"भरलेलीला एकच."
मग त्यांनी मागितला
भाड्याचा करार.

अकरा वर्षं तो करार बिलांच्या फायलीत झोपला होता.
कलम चौदा. मी वाचून दाखवलं, मराठीत,
आणि वाचता वाचता माझाच आवाज खाली आला:
इमारत वक्फची.
इथं परवाना आज नाही, उद्या नाही,
पाच हजारांत नाही, पन्नासांत नाही.
रेजिनाबाई पदर नसताना पदर शोधल्यासारखा हात खांद्याशी नेऊन
एवढंच म्हणाल्या, "मग हे आधी कुणी सांगितलं कसं नाही?"
"आधी कुणी विचारलं नाही," उस्ताद म्हणाले,
आणि आपल्या फीचा आकडा कागदावर लिहून उलटा ठेवला.
आपण 'हो'साठी पैसे मोजतो.
वेळेवर मिळालेल्या 'नाही'ची किंमत
मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तीही हप्त्यानं.

रकाना नववा: मालाचं स्वरूप.
मी टाइप केलं: सुकामेवा, सहा किलो.
रम, अंदाजे दोन लिटर, केकसाठी, स्वतःहून जाहीर.
"सासूबाईंची रीत, तेही घाला," बाई म्हणाल्या.
त्याला रकाना नव्हता.
उस्ताद म्हणाले, घाल, समासात घाल.
दंड झाला. दुकान वाचलं. बरणी सीलबंद होऊन गेली,
लाल लाखेखाली चेरी दिसत होत्या.

दरवर्षी नाताळला रेजिनाबाई मला
वेगळ्या डब्यात नानकटाई पाठवायच्या.
का, ते मी कधी विचारलं नाही,
त्यांनीही कधी सांगितलं नाही.
यंदा केक आला.
खजुराच्या पाकात, संत्र्याच्या रसात भिजवलेला मेवा.
स्वतः घेऊन आल्या, उभ्याच राहिल्या.
"कसा झालाय?"
छान, म्हटलं.
"खोटं बोलता, परकारभाई. काहीतरी कमी आहे."
मी दुसरा तुकडा उचलला.
शपथेवर थोडाच होतो मी.